एक नोंद जास्त

दूध उतू जाण्याआधी तिने गॅस बंद केला, चहा गाळला आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते न ठेवते तोच फोन थरथरला. आईच्या नावाने नेहमीचा संदेश होता: ‘मी ठीक आहे.’ तिने तो नीट वाचला, मगच पहिला घोट घेतला. डबा भरला, नळ घट्ट बंद आहे ना ते दोनदा पाहिले आणि ती बाहेर पडली.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी चालवलेल्या मदतकक्षात ती नोकरीला होती. प्रत्येकाच्या उशाशी एक बटण बसवलेले असे. सकाळी ते दाबले की ‘मी ठीक आहे’ असा संदेश कक्षाला आणि घरच्यांना जाई. न दाबल्यास कक्षातून फोन जाई. या चालत्या प्रणालीत कोणताही बदल करण्याआधी तो तपासून पाहणे, हे तिचे काम. तिच्या होकाराशिवाय तिथे स्वल्पविरामही हलत नसे, म्हणून कचेरीत तिला ‘शंकासुर’ म्हणत.

“आली का आईची हजेरी?” फोनवर बसणाऱ्या मावशींनी विचारले. वर्षभरापूर्वी कामाला लागल्यापासून त्या रोज हे विचारत.

“आली.”

“गुणाची गं तुझी आई. कधी चुकत नाही. नाहीतर आमच्या सासूबाई! मुद्दाम दाबत नाहीत. फोन केला की म्हणतात, बरं झालं, कुणाचा तरी आवाज आला.”

“मग तुम्हीच करत जा की आधी फोन.”

“मी केला की म्हणतात, तुला कामधंदा नाही का? एकदा भेटव बाई तुझ्या आईला. काय खाऊ घालतेस ते विचारते.”

“बघू.”

तेवढ्यात साहेब आले आणि उभ्याउभ्याच बोलू लागले. “आज रात्री नवा बदल लावायचाय. बटण दाबलं गेलं नाही, तर प्रणाली स्वतःच जवळचा मदतनीस घरी धाडेल. प्रणालीच्या नकलेवर तू तपासलंस, चोख चाललं. पण खऱ्या प्रणालीत एक नोंद जास्त आहे.”

“जास्त म्हणजे?” मावशी म्हणाल्या.

“घरोघरची बटणं मोजली. नोंदी एकाने जास्त भरतात. कधीतरी चाचणीसाठी घातलेली खोटी नोंद राहून गेली असणार. बटणाऐवजी आपोआप संदेश पाठवणाऱ्या चाचणीच्या सगळ्या आज्ञा रात्री थांबतील, सकाळी ती नोंद गप्प बसेल, आणि आपला माणूस रिकाम्या दारात जाऊन उभा राहील.”

“येईल हात हलवत परत. त्यात काय एवढं?”

“एका भागात एकच मदतनीस आहे, मावशी. त्याच वेळी दुसरं कुणी खरंच पडलेलं असलं तर?”

मावशींना आठवले. गेल्याच आठवड्यात एक आजोबा फोनची रांग पुढे सरकेपर्यंत जमिनीवर पडून राहिले होते.

“संध्याकाळपर्यंत शोधशील?” साहेबांनी तिला विचारले. “नाहीतर बदल पुढे ढकलू.”

तिने टेबलावरचा फोन पालथा ठेवला. “नका ढकलू,” ती म्हणाली. “शोधते.”

दिवसभर ती नोंदी वरखाली करत बसली. मावशींनी आणून ठेवलेला चहा तसाच निवून गेला.

“अजून सापडली नाही?” निघताना मावशी म्हणाल्या. “एका नोंदीसाठी किती जीव काढशील? घरी जा. आईशी चार शब्द बोल, बरं वाटेल.”

“हो. निघतेच.”

मावशींची पावले जिन्यावरून खाली विरून जाईपर्यंत ती थांबली. मग तिने एक नोंद उघडली, रोज सकाळी तोच संदेश पाठवण्यासाठी स्वतः लिहिलेली आज्ञा थांबवली आणि आईच्या नावापुढे तीन वर्षे कोऱ्या ठेवलेल्या रकान्यात मृत्यूची तारीख भरली.