ताजे ठसे

उद्यानातली सहकुटुंब निसर्गफेरी सुरू होण्याआधी गाइडताई रोज पाणवठ्याशी उकिडवी बसायची आणि प्लास्टरच्या साच्याने चिखलात बिबट्याचे ठसे उमटवायची. पोरांना काहीतरी दिसलंच पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता. मग तेच ठसे "आज पहाटेचे, अगदी ताजे" म्हणून दाखवताना तिला स्वतःच्याच जिभेची शिसारी यायची.

आज ती साचा घेऊन गेली, तर चिखलात ठसे आधीच होते. साच्यापेक्षा मोठे, आणि त्यांत पाणी अजून पाझरत होतं. ती धावत जाऊन साहेबांना घेऊन आली.

"साहेब, खरा येऊन गेलाय. आजची फेरी बंद ठेवू या."

साहेबांनी ठसे पाहिले, मागची झाडी पाहिली आणि बुटाने चिखल सारखा केला. "बाहेर बसगाड्या येऊन थांबल्यात. तू आपले उमटव आणि तोंड बंद ठेव," म्हणत त्यांनी बूट गवताला पुसला.

तिने साचा दाबला.

फेरीला साहेब जातीने हजर होते. आईबाप मोबाइल काढून साच्याच्या ठशांवर ओणवे झाले. एक चिमुरडी मात्र जरा पलीकडे, साहेबांच्या बुटाखालून वाचलेल्या एकुलत्या एका ठशापाशी बसली होती.

"ताई, हा एवढा मोठा कसा?"

ताईने तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी मुलीच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.



"तो खोटा आहे, बाळा."