सुरवंट

नीलम शाळेतून आली ती थेट अंगणात गेली. कागदी लिंबाच्या झाडाखाली अळ्या पडल्या होत्या, बोटाएवढ्या, हिरव्यागार. एकीची वळवळ अजून थांबली नव्हती.

शेजारी तिचे सासरे मोतीराम फवारणीचा पंप धुऊन पालथा घालत होते. दर्यापूरची शेती धाकट्याच्या हवाली करून ते शहरात, राजापेठेत थोरल्याकडे राहायला आले, पण पंप काही गावी ठेवून आले नव्हते.

या अंगणात फुलपाखरं यावीत म्हणून नीलमनं तीन वर्षं घालवली होती. आधी नर्सरीवाल्याच्या नादी लागून नुसती फुलं लावली. फुलपाखरं यायची, रस प्यायची, निघून जायची. त्यांना अंडी घालायला लिंबाची, कढीपत्त्याची पानं लागतात, हे कळायलाच दोन पावसाळे गेले. यंदा पहिल्यांदा अंडी टिकली. दोन-चार दिवसांत कोष झाले असते, आणि शनिवारी ते बघायला तिचा सहावीचा अख्खा वर्ग येणार होता.

तिचा तोल गेला. झाडावर सुरवंट आहेत, त्यांना धक्का लावू नका, असं सकाळी चारदा बजावलं होतं की नाही, म्हणून ती ताडताड बोलत सुटली.

मोतीरामांना ते कबूल होतं. चष्मा लावून त्यांनी पान न् पान तपासलंही होतं.

"सुरवंटाले अंगभर केस असते, बाई. इथं एकालेही केस नव्हते. ह्या त अळ्या होत्या. तुयं झाड खाऊन राहिल्या होत्या, म्हून मारल्या."

चाळीस वर्षं कपाशी केलेला माणूस अळी ओळखायला चुकणार नव्हता. पुस्तकातला शब्द तिनंच वापरला होता. राग पोटात मावत नव्हता आणि काढायला माणूस उरला नव्हता.

तेवढ्यात कुंपणावरून एक काळं-पिवळं फुलपाखरू आत आलं. झेंडूवर थांबलं नाही. सरळ लिंबाकडे गेलं आणि औषधानं ओल्या झालेल्या कोवळ्या पानावर बसून अंडी घालायला शेपटीकडून वाकलं.

नीलमनं खांद्यावरची ओढणी ओढली आणि झाडाभोवती सपासप फिरवायला लागली. ते उडालं, घिरटी घालून परत आलं. तिनं पुन्हा हाकललं.

"आता काहून हाकलून राहिली?" मोतीरामांनी विचारलं. "तुले तेच पाहिजे होते ना?"