उरूतियाची टोपी

बासिलिओ उरूतियाच्या नातीचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, गळीत हंगामाच्या शेवटच्या रविवारी, मालकांचा निरोप नवव्या डावाच्या तोंडावर आला. तो मुकादम ओतोनने आणला. निकासिओला काढा. शेवटचा डाव मालकांचा भाचा टाकेल. कपासोबतचा फोटो त्याचा हवा.

बासिलिओ साखर कारखान्याच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर होता. एकेकाळचा कॅचर, उजव्या हाताचं एकही बोट सरळ उरलं नव्हतं. निकासिओ तेरी त्याचा पिचर, ऊसतोड्याचा मुलगा. आठ डाव त्याने एकट्याने ओढले होते. आघाडी एका धावेची होती. हवानाच्या संघाचा माणूस मुद्दाम त्याला बघायला आला होता. आता बाहेर काढलं, तर उद्यापासून पुन्हा कोयता.

"आणि मी नाही म्हटलं तर?" बासिलिओने विचारलं.

"तर टोपी माझ्याकडे द्या. आत्तापासून मॅनेजर मी," ओतोन म्हणाला. "आणि तात्या, राहतं घर कारखान्याचं आहे, एवढं ध्यानात ठेवा."

बासिलिओ मान हलवून मैदानात गेला. लोकांना वाटलं, निकासिओला आणायला चाललाय. तो सरळ अंपायरपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुझ्या डोळ्यांत मळी साचली आहे, सकाळपासून तुला बैल आणि चेंडू सारखेच दिसतायत.

अंपायर तानो हसला. तो बासिलिओच्या त्या नातीचा धर्मपिता होता. एकदा असं कोंपाद्रेचं नातं जुळलं की दोघांनी जन्मभर भांडायचं नसतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. बासिलिओने पायाने माती ओढून त्याच्या बुटांवर लोटली. तानोने नुसते बूट झटकले. तेव्हा बासिलिओ त्याच्या कानाशी वाकला.

"कोंपाद्रे, तुझ्या पाया पडतो. हाकल मला."

तानोने त्याच्याकडे पाहिलं, मग ओतोनकडे. त्याने हात उंचावून दरवाजा दाखवला. सगळं मैदान हुर्यो करू लागलं.

मालक मॅनेजरला केव्हाही काढू शकत. पण अंपायरने हाकललेला मॅनेजर जाताना ज्याच्या डोक्यावर टोपी ठेवील, सामना संपेपर्यंत हुकूम त्याचा. ती रीत मोडायची हिंमत मालकांचीही नव्हती. बासिलिओ निकासिओकडे चालत गेला. आपली टोपी काढली, त्याच्या डोक्यावर दाबून बसवली आणि मागे न पाहता बाहेर पडला.

ओतोन धावत आला. पिचर बदला म्हणाला. तानोने टोपीकडे बोट केलं.

"पिचर बदलायचा नाही," निकासिओ म्हणाला. "मॅनेजरला तो पसंत आहे."

त्याने तिघांना बाद करून सामना जिंकला. सोमवारी बासिलिओचं सामान रस्त्यावर आलं. तो बायकोसह तानोकडे राहायला गेला आणि तिथेच राहिला.

निकासिओ हवानाला बरीच वर्षं खेळला आणि खांदा गेल्यावर तिथेच मॅनेजर झाला. पहिल्याच दिवशी तिथल्या मालकांनी बासिलिओची ती जुनाट टोपी उतरवायला सांगितली. "टोपी नको असेल तर डोकंही दुसरं शोधा," तो म्हणाला.

बासिलिओ उरूतिया १९६० च्या फेब्रुवारीत, एका रविवारी पहाटे वारला. त्याला बोडक्या डोक्यानेच पुरलं. त्या दुपारी हवानात निकासिओचा सामना होता.