तांब्याभर समुद्र

"समुद्र पाहशील, तेव्हा तिथलं तांब्याभर पाणी माझ्या पायांवर घाल गं," देवगाव रंगारीच्या घरी सासूबाई म्हणायच्या. रोज त्यांचे पाय धुऊनच जेवायचा माझा नेम, म्हणून मी हो म्हटलं. श्रावणात त्या वारल्या.

कार्तिकात आम्ही दोघं औरंगाबादहून एसटीनं अलिबागला पोचलो. एवढं पाणी पाहून मी हरखले, तांब्या घेऊन पोरीसारखी पळत सुटले.

"अगं हळू! लई खुळी हायेस," हे मागून हसत आले.

वळून पाहिलं, तर ओल्या वाळूत तिघांची पावलं. तिसऱ्या माणसाच्या डाव्या पायाला अंगठा नव्हता.

यांचं हसू थांबलं. "ही तर आईची पावलं! तिचा ह्योच अंगठा गेलता न्हवं, कडबा तोडताना."

माझ्यासमोरच्या रिकाम्या वाळूत एक पाऊल उमटलं, शेजारी दुसरं, आणि तिथंच थांबली.

मी लाटेत तांब्या भरला, पदर डोक्यावर घेतला आणि त्या पावलांकडं निघाले.