ॲम्पची घरघर

"एक थेंब आवाज न्हाई, आण्णा. कान लावून बघा," प्रभुलिंग म्हणाला आणि ॲम्पसमोरून बाजूला सरकला.

सिद्धराम आण्णांनी खरंच कान लावला. पन्नास वर्षांचा वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, पेटी सागवानी. मागच्या जाळीतून चार वॉल्व्ह निखाऱ्यासारखे दिसत होते. आवाज मात्र नव्हता.

आठ दिवसांपूर्वी तो अचानक बंद पडला होता. उद्यमनगरात प्रभुलिंगचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, पण जीव सगळा जुन्या ॲम्पांत. आण्णांचा ॲम्प उघडायला मिळाला त्या दिवशी तो जेवायचंच विसरला होता.

"एक वॉल्व्ह गेलावता, तो बदलला. मग म्हटलं, उघडलाच हाय तर... दोन कंडेन्सर फुगलेवते, तेबी काढले. अर्थिंग नवं दिलं. चालू केला की यायची ती घरघर पार गेली बघा."

"पुढची पाटी जुनीच ठेवलीस न्हवं?" वृषभनं विचारलं. त्याला जुन्या गिटारी जमवायचा नाद. येताना एक घेऊनच आला होता, आण्णांच्या ॲम्पवर लावून बघायला.

"पाटीच काय, स्क्रूबी जुनंच हाईत. तुझ्यागत न्हाई. अकरा गिटारी आन् गाणं एक, तेबी अर्धं."

"येतंय की अर्धं. तुला तेवढंबी येत न्हाई."

वृषभनं खिशातून चिमट्यासारखा ट्यूनर काढला आणि आण्णांच्या मांडीवरच्या गिटारला लावला. एक तार छेडली. "आण्णा, तार चढी हाय. सुई बघा, दोन सुरांच्या मधीच उभी ऱ्हायलीया. उतरवू?"

"हात लावू नगं," आण्णा म्हणाले. "चढी न्हाई ती. जुळलेली हाय."

"कशाशी?"

आण्णा खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होते. तिथं त्यांच्या पत्नी शांतादेवी बसल्या होत्या. आण्णांच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं त्या गायल्या. दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला आणि बोलणं गेलं. पाणी मागायचं तरी बोटानं दाखवायच्या. गाणं मात्र गेलं नव्हतं. रोज सकाळी आण्णा ॲम्प लावायचे, गिटार घ्यायचे, आणि त्या गायच्या, शब्दांसकट. गेले आठ दिवस त्या गप्प होत्या.

आज पेटी घरात आली तेव्हा त्यांनी स्वतःच पदर सारखा केला होता. आताही त्या ताठ बसून होत्या. वाट बघत होत्या.

आण्णांनी तार छेडली. शांतादेवींनी मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. मग त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता. म्हणजे लाईट होती. त्यांनी ॲम्पकडे बघितलं, मग आण्णांकडे.

"लावलाय गं," आण्णा म्हणाले. "चालू हाय."

त्यांनी पुन्हा तार छेडली. सूर आला, खोलीभर झाला, विरला. तो विरला तशी शांतादेवींची मानही खाली गेली. आण्णांनी ओठ मिटून तोच सूर नाकातून धरला. दम पुरला नाही, खोकला आला.

प्रभुलिंगचा हसरा चेहरा उतरला. "काय चुकलं, आण्णा?"

"तुझं न्हाई काय चुकलं, बाळा. झकास केलंस." आण्णांनी गिटार बाजूला ठेवली. "आमची आई दळायला बसली की ओवी म्हणायची. कुणी म्हटलं, जातं ऱ्हाऊ दे, नुसती ओवी म्हण, तर तिला एक ओळ आठवायची न्हाई. हिचं तसंच हाय, हे मला आत्ता कळालं. ह्या पेटीच्या घरघरीवर मी गिटार लावायचो आन् ही सूर धरायची. सगळ्या गावांत, सगळ्या जत्रांत. ती घरघरच हिचं जातं."

प्रभुलिंगनं पिशवीत हात घातला आणि प्लॅस्टिकची छोटी थैली काढली. आत ते घरघर करणारे दोन जुने कंडेन्सर होते. थैलीवर तारीख आणि आण्णांचं नाव लिहिलेलं होतं. जुनी वस्तू जपणारा माणूस, काढलेला भाग कधी टाकून देत नसे.

"अरं, फुगलेत ते," वृषभ म्हणाला. "किती दिवस जातील?"

"जातील तेवढं जातील. आज लावून बघू. मग दुकानात बसून चांगल्या कंडेन्सरवर तशीच घरघर काढतो. महिना लागला तरी काढतो." प्रभुलिंगनं प्लग काढला, आतली वीज उतरू दिली आणि सोल्डरिंग करायच्या कावियाची वायर भिंतीच्या सॉकेटात खोचली. "आजवर घालवायलाच शिकलो. आता आणायला शिकायचं."

अर्ध्या तासानं त्यानं बटण दाबलं. वॉल्व्ह तापायला वेळ लागतो. चौघंही त्या जाळीकडे बघत राहिले. निखारे लाल झाले, आणि खालून, पेटीच्या पोटातून, हळूहळू ती आली. घर्रऽऽ. जमिनीतून यावी तशी, न विरणारी.

शांतादेवींनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

बाजूला ठेवलेल्या आण्णांच्या गिटारवर ट्यूनर तसाच होता; त्याची सुई हलली आणि दोन सुरांच्या मधे येऊन थांबली. वृषभनं ट्यूनर काढून खिशात टाकला. मग कान शांतादेवींकडे ठेवून, आपल्या गिटारची पहिली खुंटी सावकाश पिळायला सुरुवात केली.