मांडीवरचं स्टिअरिंग

पूर्णिमाची जुनी गाडी सारखी डावीकडे ओढायची. धायरीच्या उत्तरेश्वर मेकॅनिकनं टायर बदलले, अलाइनमेंट केली, तरी गाडीचा हट्ट काही सुटेना.

"म्हातारी हाय, तिच्याच मनानं जाणार," असं म्हणत त्यानं पुढची चाकं जॅकवर उचलली, स्टिअरिंग काढून स्टुलावर बसलेल्या पूर्णिमाच्या मांडीवर ठेवलं आणि शीळ घालत गाडीखाली शिरला.

थोड्या वेळानं सवयीनं खालून हाक आली, "मॅडम, जरा उजवीकडं फिरवा."

स्टिअरिंग आपणच काढलंय, हे गडी साफ विसरला होता! पूर्णिमाला हसू आवरेना. तिनं गंमत म्हणून मांडीवरचं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

"बास! आता डावीकडं."

तिनं तेही केलं.

"झकास! दोन्ही चाकं मस्त वळत्यात. आता सोडा."

पूर्णिमानं मान वर केली. गाडीची चाकं खरंच डावीकडे वळलेली होती.

तिनं स्टिअरिंग अलगद जमिनीवर ठेवलं आणि भिंतीपर्यंत मागे सरली.

जमिनीवरचं स्टिअरिंग सावकाश आणखी डावीकडे फिरू लागलं.

"अहो मॅडम, सोडा म्हटलं ना! हात हाय माझा आत!"