फुली नसलेली रेकॉर्ड

सोपान दातीरने रेकॉर्ड उन्हात तिरकी धरली, लेबलाभोवतीच्या काळ्या पट्टीवर कोरलेला आकडा वाचला आणि भिकाच्या ओट्यावर बसकण मारली. आकड्यापुढे फुली नव्हती.

अकरा वर्षं तो ही फुली नसलेली रेकॉर्ड शोधत होता.

डिंभ्याच्या वरच्या अंगाला भिकाचं घर. त्याच्या बापाने कधीकाळी रेकॉर्डी वाजवायचा फोनो घेतला होता. फोनो मोडला, रेकॉर्डी तांदळाच्या कणगीमागे पडून राहिल्या. भिकाला सोपानच्या आनंदाचं कोडं पडलं.

"घिऊन जा, भाऊ. आमी काय तिच्यावर भाकरी थापायची व्हय?"

सोपानचा मंचरला लाउडस्पीकरचा धंदा होता. डीजे आले आणि धंदा बसला, पण रेकॉर्डींचा नाद सुटला नाही. कोणतं गाणं कोणत्या साली निघालं, पुन्हा कधी छापलं, कोणत्या साच्यावरून, हे सगळं तो वहीत टिपून ठेवी. पुण्याचे जाणकारसुद्धा अडलं की त्याला पत्र टाकत.

त्याच्या वहीत एकच जागा रिकामी होती. 'चिमाबाई आणि पार्टी'ची सत्तावन्न साली निघालेली गवळण. या गवळणीने चिमाबाईंचं नाव झालं, त्यावर त्यांचा फड तीस वर्षं चालला. पुढे हीच गवळण तीनदा निघाली: अडुसष्टला छोटी रेकॉर्ड, मग मोठी, मग कॅसेट. तिन्ही सोपानकडे होत्या. पण दोन्ही रेकॉर्डींवरच्या आकड्यापुढे फुली, म्हणजे गाणं पुन्हा गाऊन घेतल्याची कंपनीची खूण होती आणि कॅसेटवर आवाज तोच होता. म्हणजे कंपनीने अडुसष्टला गाणं नव्याने गाऊन घेतलं होतं. का, ते कुणालाच सांगता येईना. खुद्द चिमाबाईंनाही नाही. इतकं जुनं कुठं आठवतंय, असं त्या म्हणत.

चिमाबाई आता सत्तरीच्या. फड मोडल्यावर त्या आणे गावी येऊन एकट्याच राहिल्या होत्या. दर वर्षी यात्रेच्या आमटी-भाकरीला गेला की सोपान त्यांच्याकडे डोकावे. बाई दारातच विचारत, "घावली का वो?" तो नाही म्हणून मान हलवे. मग त्या त्याला चहा पाजत आणि जाताना पुन्हा बजावत.

"डोळं मिटायच्या आत एकदा कानावर पडू द्या, सोपानभाऊ."

त्या बोलण्यासाठीच त्याने शोध सोडला नव्हता.

घरी आल्यावर त्याने रेकॉर्ड एकदाच लावली. आवाज ऐकून तो चमकला. कॅसेटमधल्या चिमाबाई भरदार, खर्जातल्या. हा गळा बारीक, धारदार. जुनं मशीन जोरात पळतंय, असं समजून त्याने स्क्रू पिळून वेग कमी केला. गाणं रेंगाळलं, गळा काही जुळला नाही. शेवटी त्याने वहीत लिहिलं: तेविशीतला आवाज आणि चौतिशीतला आवाज, फरक पडणारच.

सोमवारी पुण्याला जाऊन सीडी करून घ्यायची होती. पण आधी बाईंनी ऐकायला हवी होती. रविवारी सकाळी तो आण्याच्या एसटीत बसला. मशीन पायाशी, रेकॉर्ड दोन उशांमध्ये बांधून मांडीवर. घाटात शेजारच्याने लेकरू हाय का म्हणून विचारलं, तर तो हो म्हणाला.

या वेळी चिमाबाईंनी विचारायच्या आधीच त्याने हो म्हणून मान डोलावली. त्या उंबऱ्यात उभ्याच राहिल्या. मग त्यांनी पदराला हात पुसले, त्याला आत घेतलं आणि दार लोटलं.

"दुसरी हाय का कुणाकडं?"

सोपानला याच प्रश्नाचं उत्तर छाती फुगवून देता येत होतं. दोनशेच निघाल्या होत्या. साचा कंपनीनेच मोडीत काढला. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत त्याने घरं पालथी घातली होती.

"ही एकच, बाई. जगात एकच."

"टेप केली असंल तुमी."

"नाही केली. म्हटलं, पहिला मान तुमचा."

बाईंनी मशीनसाठी जागा करून दिली. मग म्हणाल्या, "लावा."

तीन मिनिटं त्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसल्या. ओठ हलले नाहीत, ठेका धरला नाही. गवळण संपली, सुई खरखरायला लागली, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

सोपान कुणाला रेकॉर्डीला बोट लावू देत नसे. पण ही तर त्यांचीच होती. बाईंनी ती कडेने नीट धरली, लेबल बघायला दार उघडून उजेडात नेली, आणि जोत्याच्या दगडावर ती खापरासारखी फुटली.

सोपान उठून धावला. मग त्याला त्यांच्या वयाची आठवण झाली आणि स्वतःचीच लाज वाटली. त्याने त्यांचे हात धरले. ते थरथरत नव्हते.

"असू द्या, बाई. तुमच्या कानावर तर पडली. तेवढ्यासाठीच आणली होती."

तुकडे जोडता येतील या आशेने तो खाली वाकला. बाईंनी त्याला बाजूला सारलं, हात कापंल म्हणाल्या. त्यांनी सगळे तुकडे सुपात गोळा केले, कोपऱ्यातली टिकलीएवढी कपचीसुद्धा वेचली आणि सूप पेटत्या चुलीत उपडं केलं. रेकॉर्डीच्या लाखेचा उग्र वास घरभर पसरला.

"लई गोड गळा चिमाचा," जाळाकडे बघत म्हातारी म्हणाली. "मी इहिरीत लोटली तवा वराडली, ती बी सुरातच."